बांधावरची हाळी

टिपणीसांच्या घराण्यात आजवर बरेच जण पळाले होते. पण पळाल्याबद्दल शाल-श्रीफळ मिळणारा श्यामकांत हा पहिलाच. त्याचे चुलतआजोबा संन्यास घ्यायला गिरनारला पळाले आणि तिथे वरण अळणी असतं म्हणून महिन्याभरात परत आले. खुद्द त्याचे वडील विष्णुपंत बेचाळीस साली पोलिसांच्या धाकाने कर्जतला मावशीकडे जाऊन लपले होते. पोलीस आपल्याला शोधतच नव्हते हे कळल्यावर त्यांना जो अपमान वाटला, तो पंधरा वर्षांनीही ओला होता. आणि विष्णुपंतांचे धाकटे भाऊ शरदचंद्र, म्हणजे कल्याण कोर्टातले शरद वकील, गेलं वर्षभर थोरल्या भावाला लांबून पाहिलं की रस्ता बदलत होते. त्याचं कारण बदलापूरजवळच्या कात्रपची जमीन.

जमीन दोघा भावांच्या नावावर होती आणि पिकवत होता कोंडाजी. त्याच्या बापानेही तीच पिकवली होती. शरदकाकांचं म्हणणं, विकून मोकळं व्हावं. विष्णुपंतांचं म्हणणं, वडिलोपार्जित आहे, राहू द्यावी. हा वाद रंगात आला असतानाच सरकारने कायदा केला. येत्या एक एप्रिलपासून जो कसेल तो मालक होणार होता. चपलेला चिखल लागतो म्हणून विष्णुपंत ज्या शेताकडे दहा वर्षांत फिरकले नव्हते, त्या शेताच्या मातीचा वास त्यांना आता स्वप्नात येऊ लागला.

अशा पडत्या काळात श्यामकांत जिंकला. मुंबई राज्याच्या अजिंक्यपद स्पर्धेत, पाच हजार मीटरमध्ये, पहिला श्यामकांत टिपणीस आणि दुसरा हिरामण, कोंडाजीचा मुलगा. दोघेही अंबरनाथच्या एकाच कारखान्याचे. श्यामकांत तपासणी खात्यात कारकून आणि हिरामण भट्टीवर मजूर. तिथे त्याला विष्णुपंतांनीच चिकटवलं होतं आणि ते ही गोष्ट आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत. पहिल्याला आता अखिल भारतीय स्पर्धेसाठी दिल्लीला जायचं होतं. दुसऱ्याला सोमवारी सकाळच्या पाळीला जायचं होतं, आणि तो गेलाही.

आज रविवारी संध्याकाळी कारखान्याच्या वसाहतीत सत्कार होता, आणि सकाळपासून सगळे टिपणीस विष्णुपंतांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गोळा झाले होते. वर्षभराने शरदकाका आणि पद्मजाकाकूही बदलापूरहून आले होते. विजयाचं असं असतं, त्याला वाटणीत कुणी परकं नसतं.

"मी दोन वर्षं पहाटे उठून त्याला नाचणीचं सत्त्व दिलंय," श्यामकांतच्या आई मालिनीबाई शिरा ढवळताना म्हणाल्या. "गूळ घालून. साखर नाही."

"सत्त्वाचं राहू द्या, वहिनी," शरदकाका पलंगावर ऐसपैस बसत म्हणाले. "हा पहिल्यांदा पळाला तो आमच्या बदलापूरच्या अंगणात. सात वर्षांचा होता. चिंचा पाडल्या होत्या याने. मी छडी घेऊन मागे होतो."

"म्हणजे प्रशिक्षक तुम्हीच की, काका," उमा म्हणाली. श्यामकांतची ही धाकटी बहीण बोलताना चेहरा इतका सरळ ठेवी की टोमणा बसलेल्याला तो उशिरा कळे.

"त्याची पायाची ठेवण मात्र अगदी आमच्या माहेरची," पद्मजाकाकू म्हणाल्या.

"काकू, तुमचं माहेर आणि श्यामदादाचे पाय, नातं कसं लागतं?"

"संगतीनं लागतं," काकू म्हणाल्या आणि बेदाणे निवडू लागल्या.

विष्णुपंत या वादात पडले नाहीत. त्यांनी पंचांच्या वेळेनुसार मुलाला मैदानावर हजर ठेवलं होतं आणि शिस्त ही गोष्ट आपण घरात आणली, हे सगळ्यांना ठाऊक आहे असं ते धरूनच चालले होते.

पदक देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी होतं. मालिनीबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी पंचामृताचं स्नान घातलं होतं. दह्याने त्याचा मुलामा एका कडेला उडाला आणि खालचं पितळ दिसू लागलं, तेव्हा त्यांनी तिथे कुंकू जरा जाड लावलं. येणारे-जाणारे आधी देवाला आणि मग पदकाला नमस्कार करत होते. शेजारचे एक गृहस्थ घाईत होते, त्यांनी फक्त पदकाला केला.

या सगळ्यात श्यामकांत खिडकीशी शिऱ्याची बशी घेऊन बसला होता आणि एकच घास मगापासून तोंडात फिरवत होता.

त्याला आनंद झाला नव्हता असं नाही. तिथेच तर खरी पंचाईत होती. तो आयुष्यात कधी पळाला नव्हता इतका चांगला त्या दिवशी पळाला होता. पुण्याचे, कोल्हापूरचे, पोलिसांतले, लष्करातले, सगळे मागे पडले होते. पाय हलके होते, श्वास जागेवर होता, आणि शेवटच्या फेऱ्याची घंटा वाजली तेव्हा त्याच्या पुढे एकच माणूस होता, चार पावलांवर, अनवाणी. हिरामणची ती पाठ त्याला तोंडपाठ होती. दोन वर्षं रोज पहाटे अंबरनाथ ते बदलापूर रस्त्याने तो त्या पाठीमागे पळत होता आणि ती कधीही गाठता येत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला त्याचं दुःखही नव्हतं. आज आपण दुसरे येणार आणि घरी जाऊन पोटभर जेवणार, इतका साधा त्याचा हिशेब होता.

शेवटच्या वळणावर दोरीपलीकडे कोंडाजी बसला होता. विष्णुपंतांनी त्याला मुद्दाम मुंबईला नेलं होतं. फळांची करंडी आणि चहाचा थर्मास उचलायला कुणीतरी हवं होतं. शर्यत म्हणजे काय, फेरे किती, यातलं कोंडाजीला काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की आपला पोरगा पुढे चालला आहे आणि मागून मालक येत आहेत.

भातखाचरांमधल्या बांधावर एका माणसापुरतीच वाट असते. कूळ पुढे चालत असलं आणि मागून मालक आला, की ज्याला आधी दिसेल त्याने हाळी द्यायची. मग पुढच्याने मागे वळूनही न पाहता बांध सोडायचा आणि खाली चिखलात उतरून उभं राहायचं. कात्रपला हे पोरांना बोलता येण्याआधी कळतं. कोंडाजी उठून उभा राहिला आणि छातीत होता-नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला:

"हिऱ्या, मालक मागं हायेत!"

आणि हिरामण उतरला. राज्य अजिंक्यपदाच्या मैदानावर, शेवटच्या वळणावर, चुन्याच्या रेषेपासून तो उजवीकडे दोन पावलं बाजूला झाला आणि थांबला. क्षणभरच. श्यामकांत आतल्या बाजूने निघून गेला. हिरामणला भान आलं तेव्हा तो पुन्हा सुटला, पण आता चार पावलं मागे तो होता. वर्तमानपत्रात आलं, 'टिपणीस यांनी अखेरच्या वळणावर चतुराईने आघाडी घेतली.'

लोकांना ती हाळी गोंगाटातली एक वाटली. ती कुणाची आणि कशाची, हे मैदानात तिघांनाच कळलं होतं. आणि श्यामकांतच्या घशात अडकलं होतं ते वेगळंच. ती हाळी त्यानेही ऐकली होती, आणि हिरामण बाजूला होण्याआधीच त्याला माहीत होतं की तो होणार. त्याचे पाय जराही अडखळले नव्हते. त्यांनी ती वाट आपलीच धरली होती.

"बशी दे इकडे," उमा शेजारी येऊन बसली. "आठ दिवस बघतेय. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. काय झालंय?"

श्यामकांतने तिला सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये हळू आवाज नावाची गोष्ट नसते. तो थांबला तेव्हा चुलीवरचा झाराही थांबलेला होता.

"म्हणजे?" विष्णुपंतांनी विचारलं.

"म्हणजे मी जिंकलो नाही, अण्णा. हिरामणने मला पुढे जाऊ दिलं."

"अरे पण," मालिनीबाई म्हणाल्या, "पेढे वाटून झालेत!"

"हे बाहेर कुणाला बोललायस?" विष्णुपंतांनी दार लोटून घेतलं.

"नाही. पण आज सभेत सांगणार आहे."

"वेडा आहेस का? साहेब येणार आहेत. मंडपाच्या खर्चावर मी सह्या केल्यात!"

शरदकाकांनी मात्र चहाची बशी अर्ध्यावर धरली होती आणि कोर्टात समोरचा साक्षीदार भलतंच बोलून गेला की जसे डोळे बारीक करत, तसे केले होते.

"श्याम, एक सांग. कोंडाजीने हाळी दिली ती स्वतःहून? कुणी शिकवलं, सांगितलं, खूण केली?"

"कोण सांगणार, काका? अण्णा तर तेव्हा थर्मासचं बूच शोधत होते."

"बरं. आणि हिरामण उतरला तो लगेच? का-कू न करता?"

"लगेच."

"चार लोकांसमोर?"

"चार हजार असतील."

शरदकाकांनी बशी खाली ठेवली आणि उठून थोरल्या भावाचे दोन्ही हात धरले.

"अण्णा, जमीन वाचली!"

विष्णुपंतांना काही कळलं नाही. पण धाकट्याने वर्षभराने हात धरले म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, असं बघा," शरदकाका म्हणाले. "जो माणूस भर मैदानात, राज्याचं पदक हातातोंडाशी आलेलं असताना मालकासाठी बाजूला होतो, तो एक एप्रिलला मालकाची जमीन घेईल? कोंडाजी आपला आहे, अण्णा. कायद्याने बिघडवलंय ते कागदावर. मनाने माणूस अजून बांधावरच आहे! त्याला फक्त नीट विचारायला हवं. असं एकट्यात नाही, चारचौघांत. सभेत. तोंडातून एकदा 'मला जमीन नको' निघालं, की उद्या सकाळी मामलेदारापुढे उभा करतो. राजीखुशीने सोडली म्हणायची, की कायदा काही करू शकत नाही."

"पण श्यामचं पदक?" विष्णुपंतांना एकदम आठवण झाली.

"पदक आपलंच! निकाल लागला. अपिलाची मुदत संपली."

श्यामकांतला वाटलं होतं, आपण हे सांगितलं की घर हादरेल. घर हादरलं तर नाहीच, उलट सांधलं गेलं. दोघे भाऊ एका पलंगावर मांडीला मांडी लावून बसले. पद्मजाकाकूंनी सगळे बेदाणे शिऱ्यात घातले. मालिनीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पदकाला नव्याने कुंकू लावलं.

"काका, मी हे त्यासाठी सांगितलं नव्हतं," श्यामकांत म्हणाला.

"साक्षीदार कशासाठी सांगतो हे कोर्ट विचारत नसतं. तू आज सभेत सांगणार होतास ना? सांगच. तू सांगितलंस तर माझं काम अर्धं झालं."

श्यामकांतने खोटं पदक गळ्यात घालून मुकाट बसावं, तर हिरामणला तोंड दाखवता येणार नव्हतं. खरं सांगावं, तर त्याच खऱ्याची दोरी करून काका कोंडाजीच्या गळ्यात अडकवणार होते.

"आता काय करशील?" उमाने विचारलं.

"गप्प बसेन. माझं काय व्हायचं ते होऊ दे, निदान त्याचं शेत राहील."

"तू गप्प बसलास तरी काका बसतील का?" उमा म्हणाली. हे त्याला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मंडप भरला. पुढे खुर्च्यांवर साहेबलोक आणि त्यांच्या बायका, मध्ये सतरंजीवर वसाहत, आणि सगळ्यांत मागे जमिनीवर मजूर आणि कात्रपची मंडळी. कोंडाजी धुतलेला सदरा घालून आला होता आणि अवघडून बसला होता. हिरामण त्याच्यापासून दूर, मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता.

अध्यक्ष कारखान्याचे मॅनेजरसाहेब होते. ते बंगाली होते, मराठी त्यांना येत नव्हतं आणि धावणं आवडत नव्हतं. पण उत्पादन वाढवण्याची संधी ते कुठेही सोडत नसत. श्यामकांतसारखे सगळेच पळाले तर कारखाना किती पुढे जाईल, अशा अर्थाचं ते इंग्रजीत बोलले. मग उल्हासनगरचे तोलाराम शेठ उठले. तीन नंबर कँपात त्यांचं कॅनव्हासच्या बुटांचं दुकान होतं आणि श्यामकांतचे बूट त्यांनी फुकट दिले होते.

"भाइयों और बहनों," तोलाराम शेठ शाल घालून झाल्यावर म्हणाले, "श्यामकांत हमारा बच्चा है. पन एक बात ध्यान में ठेवा. पाव किसीका भी हो, बूट अच्छा पाहिजे! ये बूट पयला आया. नंगे पाव से कोई आया? नहीं आया. दुकान मंगळवारी बंद रहता है."

टाळ्या झाल्या. श्यामकांतला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तो उभा राहिला, "मी सगळ्यांचा आभारी आहे," म्हणाला आणि खाली बसला. मागे खांबापाशी हिरामणने मान दुसरीकडे वळवली, ते त्याला दिसलं. आपण कोंडाजीसाठी गप्प बसलो हे खरं होतं; पण गप्प बसणं किती सोपं गेलं, हेही खरं होतं आणि त्याची त्याला चीड आली.

"किती नम्र!" पुढच्या रांगेतल्या कुणा बाईंनी म्हटलं.

मग शरदकाका उठले. त्यांनी चष्मा पुसला, आवाज बसवला आणि बांध, हाळी, मालक आणि कूळ, असं सगळं पहिल्यापासून सांगितलं. इतकं सुंदर सांगितलं की मालिनीबाई पुन्हा रडल्या. मैदान चुकून बांध झालं होतं तसं आता मंडपाचं रामराज्य झालं. तोलाराम शेठ तेवढे खुर्चीच्या टोकावर आले होते.

"साईं, ये क्या बोल दिया!" ते शेजारी बसलेल्या विष्णुपंतांच्या कानाशी लागले. "नंगे पाव वाला आगे था? ये बात बाहर बोलने की थी? मेरे बूट का क्या होगा?"

"थांबा हो, मुद्दा पुढे आहे," विष्णुपंत म्हणाले.

"तर मंडळी, असे हे दिवस," शरदकाका म्हणाले, "कायदा माणसाला माणसापासून तोडायला निघालाय, आणि तिकडे आमचा कोंडाजी! कोंडाजी, ये, पुढे ये. लाजू नकोस. हाळी तूच दिलीस ना?"

कोंडाजी पुढे आला. मंचावर चढला नाही, खालीच उभा राहिला. त्याने आधी विष्णुपंतांना वाकून नमस्कार केला, मग वकिलांना, मग कोण ते कळलं नाही तरी मॅनेजरसाहेबांना.

"हां, मीच दिली," तो म्हणाला.

"का दिलीस, सांग सगळ्यांना."

"का मंजे? मालक मागं व्हतं. तोंडातनं गेली. इचार करून कोन हाळी देतंय?"

मंडपात कौतुकाची लहर गेली. शरदकाकांनी विजयी नजरेने भावाकडे पाहिलं.

"ऐकलंत? तोंडातून गेली! रक्तात आहे हे. आता मला सांग कोंडाजी, हा तुझा धर्म तू कायद्यासाठी सोडशील का? का मालकासाठी जसा तुझा पोर बाजूला झाला, तसाच तूही एक एप्रिलला..."

"नाय नाय, वकीलसायेब, धरम कसा सोडू?" कोंडाजी घाईने म्हणाला. "बांधावर मालक मागनं आला तर उतरायचाच. माझा बाप उतरला, मी उतरलो, पोरगा बी उतरला. तुमी उद्या या, उद्या बी उतरन."

"शाबास!" विष्णुपंत खुर्चीतूनच म्हणाले.

"पन सायेब, बांधावरनं उतरून आमी उभं कुठं ऱ्हातो?" कोंडाजीने विचारलं. त्याच्या आवाजात खोच नव्हती. पेरणी कधी करायची हे सांगावं तसा तो सांगत होता. "खाली शेतात. मालक जातो आपला पुढं, घराकडं. शेतात आमीच ऱ्हातो. सरकार बी तेच बोलतंय. यात मी नवीन काय सांगू?"

आधी मागचे मजूर हसले. मग सतरंजी हसली. मग खुर्च्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि सगळे हसताहेत तर काहीतरी चांगलंच झालं असणार, म्हणून मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून विष्णुपंतांनाही वाजवाव्या लागल्या. शरदकाका उभेच होते. एवढ्या वर्षांच्या वकिलीत त्यांनी स्वतःच बोलावलेला साक्षीदार असा उलटला नव्हता.

"मी जाऊ का?" कोंडाजीने विचारलं. आणि तो पुन्हा सगळ्यांना नमस्कार करून आपल्या जागेवर जाऊन बसला.

आभारप्रदर्शन होईपर्यंत दोघे भाऊ पुन्हा जुन्या वळणावर आले होते.

"तुला कुणी सांगितलं होतं त्याला सभेत विचारायला?" विष्णुपंत दबक्या आवाजात म्हणाले. "एकट्यात गोडीत घेतलं असतं तर..."

"तुम्ही वर्षापूर्वी विकू दिली असतीत, तर विचारायची वेळच आली नसती!"

"तरी मी म्हणत होते," पद्मजाकाकू म्हणाल्या. त्या काय म्हणत होत्या ते कुणी विचारलं नाही. मालिनीबाईंनी त्यांच्याशी बोलणं त्याच क्षणापासून बंद केलं, आणि त्यांचा बेदाण्यांचा रिकामा डबा परत देण्यासाठी काढून ठेवायला उमाला घरी पाठवलं.

श्यामकांतला हसू आलं होतं. कोंडाजीचं शेत शाबूत राहिलं आणि खरंही बाहेर आलं; दोन्ही त्याने काही न करता झालं. आता एकच राहिलं होतं, आणि ते मात्र त्यालाच करायचं होतं. शाल काढून त्याने खुर्चीवर टाकली आणि तो मंडपामागे गेला.

पाण्याच्या पिंपापाशी हिरामण तोंडावर पाणी मारत होता. त्याने श्यामकांतकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाणी घेतलं.

"तुझे बाबा भारी बोलले," श्यामकांत म्हणाला.

"बोलतो तो चांगला. लोकान्ला हसवतो." हिरामणने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "मी त्याच्याशी बोलत नाय आठ दिवस. आई बोलते, बापाचा काय चुकला? चुकला काय नाय. त्याला जमीन भेटंल. तुमाला पदक भेटला. मी भट्टीवर."

"त्यासाठीच आलोय. हे बघ, दिल्लीला तू जा. मी कळवतो, पाय मुरगळला म्हणून. पहिला गेला नाही तर दुसऱ्याला पाठवतात. बूट तोलाराम शेठकडून घेऊ. नको असतील तर तसाच पळ. तू तिथे जिंकशील, हिरामण. मी नाही जिंकणार, हे तुलाही माहीत आहे."

एवढं बोलून त्याला फार हलकं वाटलं. आपण चांगले आहोत असं वाटायला लागलं.

"मंजे तुमच्याशी पुन्ना पळायचाच नाय," हिरामण म्हणाला. "त्या दिवशी बाबानं पुरता पळू दिला नाय. आज तुमी. मी जितला का हरला, ते मी कवा बघायचा?"

"अरे, मी तुझ्या भल्यासाठी..."

"बाबा बी भल्यासाठीच ओरडला." हिरामणने पिंपावर झाकण घातलं. "जा तुमी दिल्लीला. पुढल्या साली मैदानात या. मी बाबाला घरी ठेवून येन. दिलेला तुमाला चालतो, धाकलं मालक. मला नाय चालत."

तो गेला. श्यामकांत पिंपाजवळ उभा राहिला. मंडपात फोटोसाठी त्याच्या नावाने हाका चालू होत्या आणि कुणीतरी शाल शोधत होतं.

हिरामणच्या बोलण्याने शरमेने मान खाली जायला हवी होती, आणि ती गेलीही. पण त्याच्या आधी, अगदी आधी, श्यामकांतच्या मनात आलं ते हे की चला, दिल्ली आपलीच राहिली. शरम त्याच्यामागून आली. पुढे त्याने ही शर्यत खूप जणांना खरीखरी सांगितली, हाळीसकट सांगितली. पण पिंपापाशी आधी काय वाटलं आणि मग काय, तेवढं मात्र त्याने जन्मात कुणाला सांगितलं नाही.